जड पाणी आणि एक कप कॉफी

आमच्या घरी कॉफी म्हणजे रविवार. आठवड्याचे बाकीचे सहा दिवस चहा. आलं ठेचून घातलेला, पातेल्यात रटरट उकळलेला. रविवारी दुपारी मात्र आमचे हे स्वतः स्वयंपाकघरात शिरत. दूध मंद आचेवर ठेवायचं, साखर घालायची, कॉफीची पूड चमच्यानं मोजून टाकायची आणि उतरवण्याआधी वर जायफळ किसायचं. तेवढा अर्धा तास स्वयंपाकघरावर माझी सत्ता नसे. लेक ओट्याला टेकून उभी राहायची आणि जायफळाचा वास थेट अंगणापर्यंत जायचा.

हे गेले त्याला आता सहा वर्षं झाली. त्यानंतर ते पातेलं काही चढलं नाही. एकटीसाठी कॉफी कोण करतं? चहाचं तसं नसतं. तो सवयीनं होतो. कॉफीला मात्र घरात दुसरं माणूस लागतं, असं मला वाटायचं.

लेक जर्मनीत, हॅम्बुर्गला असते. दोन वर्षांपूर्वी दिवाळीला आली तेव्हा सामानात एक काळंभोर, गुळगुळीत यंत्र घेऊन आली. म्हणाली, "आई, हे एकाच कपाचं यंत्र आहे. पातेलं नको, गाळणं नको. रविवारी चार वाजता तू तिकडे बटण दाब, मी इकडे दाबते. दोघी मिळून कॉफी घेऊ." तिकडची वीजही आपल्यासारखीच २३० व्होल्टची, त्यामुळे फक्त पिनेला जोड घ्यावा लागला. राहुरी तालुक्यातल्या आमच्या घरात, मिक्सर आणि पाण्याच्या माठाच्या मधोमध, ते यंत्र विराजमान झालं.

यंत्र कोणत्या कंपनीचं ते सांगत नाही, कारण पुढे जे झालं त्यात दोष कंपनीचा नव्हता. ही कल्पना मात्र कोणाची ते सांगायला हवं. नेस्ले कंपनीत काम करणारे एरिक फावर नावाचे स्विस अभियंते होते. त्यांच्या पद्धतीचं पेटंट १९७६ सालचं आणि यंत्र बाजारात आलं ते १९८६ साली. युक्ती तशी सोपी. मागे पाण्याची टाकी. तिच्यातलं पाणी एक लहानसा पंप ओढतो आणि अगदी अरुंद नळ्यांमधून तापवत पुढे ढकलतो. पुढे कॉफीची पूड भरलेली, अंगठ्याएवढी बंद डबी, म्हणजे कॅप्सूल. यंत्राचे दात तिला भोकं पाडतात, दाबाखालचं गरम पाणी आत शिरतं आणि अर्ध्या मिनिटात फेसाळ कॉफी कपात उतरते. ही सगळी करामत त्या अरुंद नळ्यांची आणि बारीक भोकांची आहे, हे वाचकांनी लक्षात ठेवावं. मी ठेवलं नव्हतं.

पहिले काही महिने मजेत गेले. रविवारी चार वाजले की मोबाइल साखरेच्या डब्याला टेकवून उभा करायचा, पलीकडे लेक, आणि मी बटण दाबायचे. यंत्र घर्रर्र करायचं. पलीकडून तिच्या यंत्राचं घर्रर्र ऐकू यायचं. मी वर थोडं गरम दूध ओतायचे, चिमूटभर जायफळ किसायचे. चव यांच्या कॉफीची नव्हती, पण रविवार परत आला होता.

सातआठ महिन्यांनी यंत्र कुरकुरायला लागलं. आधी धार बारीक झाली, मग कॉफी कोमट येऊ लागली. आवाज मात्र वाढला, चढावर बैलगाडी ओढावी तसा. एका रविवारी पाच-सहा थेंब पडले आणि लाल दिवा लुकलुकत राहिला.

आणि मी काय केलं? लेकीला सांगितलंच नाही. एवढ्या हौसेनं आणलेली वस्तू आईला सांभाळता आली नाही, असं तिला वाटेल म्हणून. पुढचे तीन रविवार फोन यायच्या आधीच बाटलीतल्या पुडीची कॉफी कपात कालवून ठेवली आणि कप तिच्यासमोर धरला. दुसऱ्या रविवारी ती म्हणाली, "आई, आज आवाज नाही आला गं." मी म्हटलं, "तुझा फोन लागायच्या आधीच केली." तीस वर्षं शाळेत मुलांना खरं बोला म्हणून शिकवलेली बाई मी, चेहरा लपवायला कप तोंडाला लावला.

शहरातल्या एका दुकानात फोन करून पाहिला. पलीकडचा मुलगा म्हणाला, "मॅडम, बाहेरची वस्तू आहे, सुटे भाग मिळायचे नाहीत. नवीनच घेऊन टाका." घेऊन टाका! आमच्या पिढीनं पातेल्याला कल्हई लावली, छत्रीची काडी बदलून घेतली, सायकलच्या ट्यूबला पंक्चरवर पंक्चर काढली. आठ महिन्यांचं यंत्र टाकून द्यायला हात धजेना, आणि समोर ठेवून रोज बघवेना. शेवटी जुन्या उशीच्या अभ्ऱ्यात गुंडाळलं आणि माळ्यावर ठेवायला पुतण्याला बोलावलं.

पुतण्या शेती बघतो. कांदा आणि थोडं डाळिंब. त्यानं अभ्रा सोडला, टाकी काढून उजेडात धरली. तळाला पांढरट थर होता. त्यानं नखानं खरवडला, बोटांत चुरला आणि हसायला लागला. "काकू, हे तर आपल्या ठिबकागत झालंय. तोट्या बुजल्यात. मशीन चांगलंय, पाणी जड आहे."

मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. कारण मी शाळेत विज्ञान शिकवत होते. सुफेन पाणी आणि दुष्फेन पाणी, तात्पुरता कठीणपणा आणि कायमचा कठीणपणा, हा धडा मी किती वर्गांना शिकवला असेल त्याची गणती नाही. दुष्फेन पाण्यात साबणाला फेस येत नाही, हे फळ्यावर लिहून घरी यायचे आणि घरी साबणाला फेस येत नाही म्हणून साबणाच्या वडीला नावं ठेवायचे!

तर धडा पुन्हा एकदा, यावेळी ओट्याजवळ उभं राहून. पावसाचं पाणी जमिनीत मुरताना कार्बन डायऑक्साइड सोबत घेतं आणि माती-खडकातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम विरघळवत खाली जातं. आपल्या काळ्या मातीत चुनखडीचे खडे असतातच. हे विरघळलेले क्षार डोळ्यांना दिसत नाहीत. पाणी काचेसारखं स्वच्छ दिसतं. ते तापवलं की कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि उरतो कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे चुनाच. अंड्याचं कवच, शिंपला, संगमरवर यांत असतं तेच हे द्रव्य. बंबाच्या तळाशी, गिझरच्या कॉइलवर, शेगडीवरच्या पातेल्याच्या कडेला जे पांढरं धरतं ते हेच. पातेल्यात ते घासून निघतं. यंत्रातल्या अरुंद नळीत घासायला हात कुठून जाणार? थरावर थर चढतो, पाण्याची वाट अरुंद होते, उष्णता पाण्यापर्यंत नीट पोहोचत नाही, पंप धापा टाकतो. धार बारीक, कॉफी कोमट, आवाज मोठा. यंत्रानं सगळी लक्षणं एकेक करून सांगितली होती. ऐकणारी बहिरी होती.

माझी आणखी एक चूक झाली होती. प्यायचं पाणी आम्ही फिल्टरचं वापरतो. पण यंत्रात पाणी तापतंच, मग फिल्टरचं कशाला वाया घालवा, असा विचार करून टाकीत मी नळाचं, म्हणजे बोअरचं पाणी भरत होते. तापवल्यानं जंतू मरतात, क्षार मरत नाहीत. उलट तेव्हाच ते बाहेर येऊन बसतात.

आमच्या भागातल्या बायकांना हे शाळेत न जाताही ठाऊक होतं. माझ्या सासूबाई डाळीसाठी वेगळा हंडा भरून ठेवत. घराजवळच्या विहिरीचं पाणी मचूळ. त्यात तूर शिजता शिजत नसे. म्हणून लांबच्या विहिरीवरून "गोडं पाणी" आणायचं. नवी सून म्हणून मला तो सोस वाटे. खरं तर तो धडा सासूबाईंना माझ्याआधी आणि माझ्यापेक्षा चांगला येत होता.

नगर जिल्ह्याला, म्हणजे २०२४ पासूनच्या अहिल्यानगर जिल्ह्याला, पाण्याचं हे दुखणं दोन्ही अंगांनी आहे. दक्षिणेकडे पाणीच कमी, म्हणून बोअर खोल खोल जातात. उत्तरेकडे प्रवरेवर भंडारदऱ्याचं धरण १९२६ साली पूर्ण झालं, पुढे मुळा नदीवर आमच्या तालुक्यात मुळा धरण झालं, कालवे आले, ऊस आला, साखर कारखाने उभे राहिले. त्या पाण्यानं आमची घरं उभी केली, मुलं शिकली, लेकी हॅम्बुर्गला गेल्या. त्याचं ऋण कसं विसरू? पण जिथे निचरा नाही तिथे पाटाचं पाणी वर्षानुवर्षं साचून राहिलं, क्षार वर आले आणि चांगल्या जमिनी चोपण झाल्या. ते क्षार विहिरीतही उतरले. माळ्यावर चाललेल्या त्या यंत्राच्या पोटात आमच्या शिवाराचीच कहाणी साठली होती.

मी पाणी तपासून घेतलं. कठीणपणा लिटरला ५४० मिलिग्रॅम निघाला. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात तो २०० पर्यंत असावा. दुसरी सोय नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. म्हणजे आमचं पाणी पास, पण काठावर. जर्मनीत हे वेगळ्या मापानं मोजतात. तिथला एक अंश म्हणजे आपले साधारण १८ मिलिग्रॅम. तिकडे १४ अंशांच्या वर गेलं की पाणी "कठीण" ठरतं. आमचं भरलं ३० अंश! यंत्राच्या पुस्तिकेत किती कपांनंतर क्षार काढायचे याचं कोष्टक असतं. पाणी जितकं जड तितके कप कमी. ती पुस्तिका मी पिशवीतून बाहेरही काढली नव्हती.

आता उपाय. पुतण्या म्हणाला, "काकू, आम्ही ठिबकला आम्ल देतो. पाण्याचा सामू चारच्या आसपास आणायचा, संच बंद ठेवायचा, मग शेवटची टोकं उघडून धुऊन काढायचा. आणू का थोडं आम्ल?" मी म्हटलं, "खबरदार! रीत तुझी, आम्ल माझं." शेतात वापरतात ते हायड्रोक्लोरिक आम्ल जहाल असतं. ते यंत्राचा धातू खाईल आणि पोटात गेलं तर माणसाला इजा करील. ते स्वयंपाकघरात आणूच नये.

घरात चालतं ते सौम्य आम्ल. कंपन्या स्वतःचं द्रावण विकतात आणि यंत्राची हमी चालू असेल तोवर तेच वापरणं शहाणपणाचं. माझ्या यंत्राची हमी जर्मनीतली, इथे तिचा उपयोग नव्हता. म्हणून मी किराणा दुकानातून सायट्रिक अ‍ॅसिड, म्हणजे लिंबूसत्त्व आणलं. एक लिटर पाण्यात साधारण वीस ग्रॅम, पूर्ण विरघळवून. जास्त घातलं तर जास्त निघेल हा हिशेब इथे चुकतो. द्रावण फार तीव्र आणि फार गरम झालं तर कॅल्शियम सायट्रेट नावाचा दुसराच थर बसू शकतो. व्हिनेगरनंही क्षार निघतात, पण त्याचा वास महिनाभर कॉफीला सोडत नाही आणि आतल्या रबरालाही ते मानवत नाही.

कॅप्सूल काढून ठेवली, खाली भांडं लावलं, पुस्तिकेत सांगितलेली बटणं दाबून यंत्र क्षार काढण्याच्या स्थितीत आणलं. पहिल्यांदा थेंब थेंबच पडले. थोडं आत गेलं तसं बंद करून अर्धा तास थांबले. पुन्हा चालू केलं. तिसऱ्या खेपेला आत काहीतरी सुटल्यासारखा आवाज झाला आणि नळीतून पांढऱ्या कपच्या घेऊन गढूळ पाणी आलं. पुतण्या ओरडला, "सुटलं पाणी!" पाटाचं पाणी पहिल्यांदा वावरात शिरताना माणसं ओरडतात ना, अगदी तसा. मग साध्या स्वच्छ पाण्याच्या दोन टाक्या पूर्ण काढल्या, आंबट चव राहू नये म्हणून.

रविवारी चार वाजता लेकीचा फोन आला. मी काही न बोलता बटण दाबलं. यंत्र घर्रर्र करायला लागलं. ती म्हणाली, "अरे वा, आज आवाज आला!" मग मला राहवेना. बाटलीतल्या पुडीपासून माळ्यापर्यंत सगळं सांगितलं. ती रागावेल असं वाटलं होतं. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "आई, मला वाटलं तुला माझ्याबरोबर कॉफी घ्यायचा कंटाळा आलाय. म्हणून मी विचारत नव्हते." बघा, तीन रविवार ती तिकडे काय समजत होती आणि मी इकडे काय लपवत होते! क्षार काय फक्त यंत्रातच साठतात?

तेव्हापासून मी यंत्राची निगा शिकले. ज्यांच्या घरी असं यंत्र मुलांनी आणून ठेवलं आहे, त्यांच्यासाठी अनुभवाचे चार शब्द. टाकीत फिल्टरचं पाणी भरावं आणि ते रोज बदलावं. शिळं पाणी यंत्रातही शिळंच. कॉफी करण्याआधी आणि नंतर कॅप्सूल न घालता थोडं गरम पाणी सोडावं, म्हणजे नळीत कॉफीचं तेल चिकटून खवट वास येत नाही. वापरलेली कॅप्सूल आत तशीच ठेवू नये. खालचा ट्रे आणि कॅप्सूल पडतात ते भांडं दर दोन दिवसांनी धुऊन कोरडं करावं. पावसाळ्यात तिथे एका आठवड्यात बुरशी धरते. उबदार, ओलसर जागा झुरळांनाही आवडते, म्हणून यंत्राची मागची बाजू अधूनमधून बघावी. साफ करताना आधी प्लग काढावा, यंत्र पाण्यात बुडवू नये. गावाला जाताना टाकी रिकामी करावी. आणि दूध टाकीत कधीही घालू नये! हसू नका, माझे एक भाऊजी पाहुणे आले असताना "पाण्याची कॉफी कसली पिता" म्हणत दुधाचं पातेलं घेऊन टाकीपर्यंत पोहोचले होते. मी वेळेवर हात धरला म्हणून बरं.

क्षार काढण्याचा दिवस आम्ही ठरवून टाकलाय. भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाचे खाडे आणि गॅसच्या टाकीची तारीख लिहायची सवय आहेच. त्यात आता दर दोन महिन्यांनी एका रविवारी "यंत्र" असं लिहिलेलं असतं.

एक गोष्ट मात्र मनाला टोचते. प्रत्येक कपामागे एक डबी उरते. लेक राहते त्या हॅम्बुर्ग शहरानं २०१६ साली सरकारी इमारतींसाठी कॅप्सूलची कॉफी विकत घ्यायला मनाई केली, ती याच कचऱ्यापायी. तिनं मला ते हसत हसत सांगितलं, पण आम्ही दोघीही नंतर हसलो नाही. आता माझ्याकडे स्टीलची, पुन्हा भरता येणारी कॅप्सूल आहे. रोजच्याला तीच. पूड फार बारीक असली की पाणी अडतं आणि जाड असली की कॉफी पाणचट होते. चार-सहा कप बिघडले तेव्हा हात बसला. अ‍ॅल्युमिनियमची डबी वापरलीच तर कापून, पूड झाडांच्या मातीत थोडी थोडी मिसळते आणि धातू भंगारवाल्यासाठी वेगळा ठेवते.

परवा नगरच्या किल्ल्यावरून जात होते. १९४२ च्या ऑगस्टपासून तिथे काँग्रेसचे नेते बंदीत होते. नेहरूंनी तिथे ग्रंथ लिहिला हे सगळ्यांना माहीत असतं. मौलाना आझादांनी तिथेच 'गुबार-ए-खातिर'मधली पत्रं लिहिली. भल्या पहाटे उठून ते स्वतःसाठी बिनदुधाचा चिनी चहा स्वतः करीत आणि त्याबद्दल त्यांनी मोठ्या गोडीनं लिहून ठेवलं आहे. घरापासून तोडलेला, कोठडीतला एकटा माणूस. पण एका कपासाठी तो एवढा जीव लावत होता. आणि मी मात्र एकटीसाठी कशाला करायचं म्हणून पातेलं पालथं घालून बसले होते.

मागच्या रविवारी कॅलेंडरवर "यंत्र" होतं. लेकीनंही तिकडे तिचं यंत्र काढलं होतं. तिचं पाणी माझ्याएवढं जड नाही, पण तिलाही ते कधीतरी करावंच लागतं. मधल्या अर्ध्या तासात दोन्ही यंत्रं आम्ल पोटात घेऊन गप्प बसली होती आणि कॉफी करता येत नव्हती. ती म्हणाली, "आता काय करायचं?" मी उठले, पातेलं काढलं, दूध चढवलं आणि जायफळ शोधायला लागले. ती स्क्रीनला नाक लावून म्हणाली, "थांब आई, मीही चढवते. बाबा किती चमचे घालायचे गं?"